‘बारा तोंडं’ आणि तेरावा आकडा

२६ जून १९७४. त्या सकाळी आठ वाजून एक मिनिटाने एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर च्युइंगमचा एक पुडा काचेवरून सरकवण्यात आला आणि त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या यंत्राने वाचल्या. असा बारकोड गल्ल्यावर पहिल्यांदा वाचला गेल्याची नोंद आहे ती ही. पट्टीताई तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला या घटनेचा गंधही नव्हता. पुढे मात्र ही तारीख तिला घरातल्या माणसांच्या वाढदिवसांसारखी पाठ झाली.

छापखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव वेगळे होते. पण पगाराचा दिवस सोडला तर ते कोणी उच्चारत नसे. खालच्या मजल्यावर छपाईची यंत्रे, वरच्या मजल्यावर मांडणी विभाग. यंत्रे सुरू झाली की वर कपातल्या चहावर बारीक वलये उठत. या हलत्या इमारतीत खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर छपाईच्या फिल्मचे तुकडे जुळवून चिकटवण्याचे काम ती करी. १९८८ साली गिऱ्हाईक बारकोड मागू लागले, तेव्हा व्यवस्थापकांनी सगळ्यांचे हात बघितले आणि म्हणाले, “ताई, तुमचा हात हलत नाही. हे झेंगट तुम्ही घ्या.” तिने घेतले आणि ती पट्टीताई झाली.

ते झेंगट तिच्या अंगात मुरले. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा ठेवावी लागते. नक्षी काढणाऱ्यांना ती जागा बघवत नाही, म्हणून ती त्यांच्याशी भांडे. एका शाम्पूवाल्याला लाल बाटलीवर शोभतील अशा लालच पट्ट्या हव्या होत्या. त्याला तिने समोर बसवून सांगितले, “यंत्राचा दिवा लाल असतो. लाल पट्ट्या छापल्या तर त्याला कोरा कागद दिसतो. तुमची बाटली दुकानात असूनही नसल्यासारखी.” शाम्पूवाला वरमला आणि काळ्या पट्ट्या घेऊन गेला.

तिचा सगळ्यांत जास्त जीव होता तो तेराव्या आकड्यावर. बारकोडखाली तेरा आकडे असतात. पहिले काही आकडे माल कोणाचा ते सांगतात, पुढचे कोणता ते सांगतात, आणि शेवटचा नुसता पहारा देतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक सहा आकडे मिळवायचे, तिनाने गुणायचे, उरलेले सहा त्यात मिळवायचे. बेरीज पूर्ण दहाच्या पटीत यायला जेवढे कमी पडेल तेवढा तेरावा आकडा. बारापैकी कुठलाही एक आकडा चुकला, तर तेरावा जुळत नाही. पट्टीताई त्याला राखणदार म्हणे. “एक आकडा चुकू दे, राखणदार भुंकलाच समजा,” असे ती नव्या माणसांना शिकवी. म्हणून तिची तपासणीची रीतही ठरलेली होती. गिऱ्हाइकाच्या पत्रातला क्रमांक ती आधी वहीत उतरवी, मग संगणकात बारा आकडे टाकी. संगणक राखणदार काढून देई, तो ती पत्रातल्या राखणदाराशी ताडून पाही. जुळला की वहीत खूण, आणि खुणेशेजारी छापून निघालेली पट्टी चिकटवलेली. बाकीचे बारा आकडे एकेक करून पुन्हा बघण्याची गरज तिला वाटत नसे.

त्या वहीत अकरा वर्षांच्या सातशेहून अधिक नोंदी आहेत. त्यांतल्या एका नोंदीपायी तिच्या धाकट्या भावाने आपल्या जिवलग मित्राशी पंचवीस वर्षे तोंडातून शब्द काढला नाही. ते कसे घडले, हे समजायला पट्टीताईला स्वतःलाही तेवढीच वर्षे लागली.

धाकटा तिच्याहून दहा वर्षांनी लहान. ताटली, बाक, दाराची फळी, बहिणीची पाठ, जे सापडेल त्यावर तो बोटांनी ताल धरी, म्हणून त्याचे नाव ठोक्या. सव्वीस वर्षांचा झाला तरी ठोकणे थांबले नव्हते. फक्त त्याला आता ताल वाजवणाऱ्या मशिनची साथ होती. वस्तीतली पोरेपोरी त्या तालावर झपाझप शब्द फेकत. रॅप म्हणतात ते हेच, एवढे पट्टीताईला कळत होते. शब्द मात्र निम्मे निसटत.

“जरा सावकाश बोलायला सांग की त्यांना,” ती म्हणायची.

“ताई, सावकाश बोलायला तुमचे पुढारी आहेत,” ठोक्या म्हणायचा.

१९९८च्या हिवाळ्यात त्याने बारा जणांची बारा गाणी ध्वनिमुद्रित केली. जागा होती एका शिंप्याच्या दुकानामागची खोली. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींवर अर्धवट शिवलेले कोट टांगलेले. एका गाण्याच्या शेवटी कात्री चालल्याचा आवाज आजही स्पष्ट ऐकू येतो. बारा जणांत एक बसचा कंडक्टर होता, परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी होती, धोबीखान्यात काम करणाऱ्या एकीचे दिवसभराच्या वाफेने बसलेल्या आवाजातले गाणे होते. आणि खोकल्या होता. खोकल्या म्हणजे ठोक्याचा लहानपणापासूनचा मित्र. माइकसमोर उभा राहिला की पहिल्या शब्दाआधी तो हमखास खोके. चौदा वेळा घेऊनही खोकला जाईना, तेव्हा ठोक्याने तो तिसऱ्या गाण्यात तसाच ठेवला आणि त्याच्यावरच पहिला ठोका बसवला. संग्रहाचे नाव ठरले ‘बारा तोंडं’.

हा संग्रह काढायला तयार झाला तो एक अजब माणूस. छापखान्याचा जुना गिऱ्हाईक. त्याची कंपनी तान्ह्या मुलांना झोपवणारे संगीत काढी. ‘बाळासाठी शांत झोप’चे तीन भाग बाजारात होते. ठोक्या त्याला झोपमालक म्हणे. पट्टीताईने शब्द टाकला आणि झोपमालकांनी मान डोलावली; पण त्यांची अट होती, किंवा खरे म्हणजे शहरातल्या मोठ्या संगीत दुकानाची होती. बारकोड नसलेली सीडी ते दुकान फळीवर ठेवत नसे.

“तुमच्या पोरांना फळीवर बसवायचं तर पट्ट्या लागतील, ताई,” झोपमालक म्हणाले.

“पट्ट्यांची काळजी मला,” ती म्हणाली.

झोपमालकांच्या कंपनीला वस्तूंसाठी शून्य ते नव्व्याण्णव असे शंभर क्रमांक मिळालेले होते. झोपेच्या संगीताला त्यांनी विशीतले दिले होते, टंकलेखनाच्या धड्यांना चाळिशीतले. ‘बारा तोंडं’ला त्यांनी पत्रात बहात्तर लिहून पाठवला. त्यापुढे राखणदार: चार.

मार्च १९९९मधल्या एका गुरुवारी दुपारी ते काम तिच्या टेबलावर आले. चार वाजता छपाईची प्लेट खाली यंत्रांकडे जायची होती. ठोक्या सुट्टी टाकून आला होता आणि तिच्या टेबलाच्या कडेवर बोटे वाजवत बसला होता.

“टेबल सोड. पट्टी हलते.”

“संगणकातली पट्टी हलते होय?”

“माझ्या डोक्यातली हलते.”

त्याने टेबलावरची बोटे उचलली. मग गुडघ्यावर सुरू झाला. तिने वहीत क्रमांक उतरवला, संगणकात बारा आकडे टाकले, राखणदार आला चार. पत्रातही चार. तिने खूण केली, पट्टी छापून निघाली ती कापून खुणेशेजारी चिकटवली.

“झालं?”

“झालं. राखणदार उभा आहे. आता आत कोणी चोर शिरत नाही.”

हे वाक्य तिला पुढे फार वर्षे छळणार होते.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पाचशे सीड्या दुकानात लागल्या. ठोक्या दारापर्यंत आला आणि तिथेच अडला. स्वतःचीच सीडी विकत घ्यायची त्याला लाज वाटली. पट्टीताई रांगेत उभी राहिली. खोकल्या तेव्हा त्याच दुकानाच्या गोदामात खोकी उतरवायचे काम करी. खोक्यांच्या भिंतीआडून त्याने टोपी उडवून दाखवली. गल्ल्यावरच्या मुलीने डबी काचेवरून सरकवली आणि यंत्र बीप वाजले. अकरा वर्षांत पट्टीताईने शेकडो बारकोड केले होते, पण आपली पट्टी वाचली जाताना समोर उभे राहून ऐकण्याची ही पहिलीच वेळ. पावतीवर मालाचे नाव नव्हते, त्या काळी नसेच. नुसते ‘संगीत – १’ आणि किंमत. पावती तिने पर्समध्ये जपून ठेवली.

सप्टेंबरात दुकानाचा कागद आला. पाठवल्या पाचशे. विकल्या शून्य. परत एकशे एकेचाळीस. तूट तीनशे एकोणसाठ.

दुकानाच्या व्यवस्थापकांनी झोपमालकांना आणि ठोक्याला बोलावून घेतले. त्या भेटीला चौथा साक्षीदार नाही, आणि झोपमालक आता हयात नाहीत. तेव्हा जे आहे ते ठोक्याच्या आठवणीतले.

“एकही विकली नाही आणि साडेतीनशे गायब,” व्यवस्थापक म्हणाले. “वीस वर्षांत मी अशी तूट पाहिली नाही. तुमच्याच पोरांनी तुमचाच माल उचलला, साहेब.”

“पोरं असं करणार नाहीत,” ठोक्या म्हणाला.

“नाही कसं? चोरण्याइतकी आवडली म्हणजे गाणी चांगलीच असणार. तेवढं समाधान माना.”

गोदामात कोण होते, हे व्यवस्थापकांनी शोधून काढले होते. खोकल्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली. दुसरा भाग काढायची बोलणी तिथेच संपली. आणि शिंप्याच्या मागच्या खोलीत, कोटांच्या मध्ये उभे राहून ठोक्याने मित्राला एकच प्रश्न विचारला, “खरं सांग. किती नेल्यास?”

खोकल्या खोकला. त्याने खुंटीवरची टोपी घेतली आणि तो निघून गेला. काही बोलला नाही, म्हणून ठोक्याने ते उत्तर धरले.

पट्टीताईच्या मनात एक कुसळ अडकले होते. “अरे, एक तर मी विकत घेतली ना? माझ्याकडे पावती आहे. मग शून्य कसं?”

“ताई, एकाने काय होतंय? ती त्यांच्या यंत्राची नोंद आहे. यंत्र खोटं बोलत नाही, हे मला कोणी शिकवलं?”

तिनेच शिकवले होते. कुठेतरी पाणी मुरते आहे हे तिला जाणवत होते. पण गल्ल्यावरच्या मुलीकडून काही राहिले असेल, महिन्याच्या हिशेबात इकडचे तिकडे झाले असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. वहीच्या त्या पानात पावती ठेवली आणि वही मिटली.

त्याच वर्षी झोपमालक मात्र खुशीत होते. ‘बाळासाठी शांत झोप, भाग तिसरा’ उन्हाळ्यात अचानक उचलला गेला होता. दुकानाने पुन्हा मागणी नोंदवली. पुढच्या वर्षी चौथा भाग आला, मग पाचवा. दोन्हींचे बारकोड पट्टीताईनेच केले.

“लोकांना झोप येत नाहीये, ताई,” झोपमालक समाधानाने म्हणाले. “काळच तसा आलाय.”

छापखाना २०११ साली बंद झाला. निरोपाच्या दिवशी तिने काचेचे टेबल पुसले, भिंग रुमालात गुंडाळले आणि वह्या पिशवीत भरून घरी आणल्या. ठोक्या लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, मुलगी मोठी झाली. मशिन विकले गेले. बोटे मात्र चालूच राहिली; अडकलेल्या लिफ्टच्या दारावर तो ताल धरतो आणि आत अडकलेल्यांना वाटते की बाहेर काहीतरी काम चालू आहे. ‘बारा तोंडं’चे नाव त्याच्या घरात निघत नसे. परत आलेल्या एकशे एकेचाळीस प्रती त्याने कधीच फेकून दिल्या होत्या.

ते नाव काढले त्याच्या मुलीने, २०२४ साली. तिच्या मित्रमंडळीत कोणाकडे तरी तिसरे गाणे कुठून कोण जाणे आले होते, सुरुवातीच्या खोकल्यासकट, आणि त्याचे सगळ्यांना वेड लागले होते. गाण्यातला तो ठोका आपल्या बापाचा, हे पोरीने ओळखले. तसा ठोका ती जन्मापासून ऐकत होती. अख्खा संग्रह इंटरनेटवर आणायचा तिने चंग बांधला आणि चांगली प्रत मागायला आत्याकडे आली. कपाटातली सीडी पट्टीताईने काढून दिली. नोंदणीच्या संकेतस्थळावर जुना बारकोड विचारत होते. भाचीने डबी उलटी करून तेरा आकडे टाकले आणि हसू लागली.

“आत्या, तू बाबांच्या नावावर काय विकत घेतलंस? हे म्हणतंय, हा क्रमांक ‘बाळासाठी शांत झोप, भाग तिसरा’चा आहे. दोन वर्षांपूर्वी चढवलाय कोणीतरी.”

“झोपमालकांच्या मुलाने चढवला असेल. पण क्रमांक आपला आहे. तू चुकीचा टाकलास.”

“बघ ना तूच.”

पट्टीताईने चष्मा लावला. मग भिंग आणले. मग वही. पंचवीस वर्षांपूर्वीचा नव्हे, अगदी कालचा असावा असा तिच्या अक्षरातला क्रमांक पानावर होता, शेवटी बहात्तर आणि चार. त्याच्या शेजारी, अंगठ्याएवढ्या अंतरावर, चिकटवलेली पट्टी; तिच्याखाली सत्तावीस आणि चार.

तिने पेन्सिल घेतली. सात आणि दोन: अकराव्या जागेचे सात, बाराव्या जागेच्या दोनाचे तिप्पट सहा, मिळून तेरा. उलटे केले तर दोन, आणि साताचे तिप्पट एकवीस, मिळून तेवीस. फरक बरोबर दहा. बेरीज दहाने वाढली किंवा घटली तर राखणदाराला काही कळत नाही. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल आणि हाताने त्यांची अदलाबदल केली, तर तो भुंकत नाही. कुठलाही एक आकडा चुकला असता तर तो तिने पकडला असता. दोन आणि सात एकमेकांच्या जागी गेले, आणि ती तेवढा तेरावा बघून खूण करून मोकळी झाली.

“आत्या? काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “एक चोर सापडला.”

पानातली पावती तिने उचलली. गल्ल्यावरच्या तसल्या कागदावरची अक्षरे काही वर्षांनी उडून जातात. पावती दोन्ही बाजूंनी पांढरीफेक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ठोक्याला शोधत एका कचेरीच्या इमारतीत गेली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या पायऱ्यांवर तो डबा उघडून बसला होता. शेजारी अवजारांची पेटी.

“तू इथे? घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. ठोक्या, खोकल्याने सीड्या चोरल्या नव्हत्या.”

त्याचा घास हातातच राहिला. तिने वही पायरीवर उघडली आणि एका दमात सगळे सांगितले. दुकानातल्या यंत्राने ‘बारा तोंडं’ची प्रत्येक डबी झोपेच्या संगीताच्या नावावर कशी लिहिली, आणि विकलेल्या डब्या चोरीच्या खात्यात कशा गेल्या. मधेच वरून एक गृहस्थ धापा टाकत उतरले.

“लिफ्ट कधी चालू होणार हो?”

“झाली की कळेल,” ठोक्या मान वर न करता म्हणाला. ते गेल्यावर त्याने बोट आधी बहात्तरावर ठेवले, मग सत्तावीसावर. “लिफ्ट थांबते चौथ्यावर आणि दिवा लागतो सातव्याचा. तसं.”

“तसंच.”

“आणि तुला कळलं नाही.”

“नाही कळलं.”

“पावती तर होती तुझ्याकडे.”

“हो,” ती म्हणाली. “पावती होती. मी घेतलेली सीडी माझ्या हातात होती, आणि मी त्यांच्या शून्यावर विश्वास ठेवला. तुला काय बोलायचं ते बोल.”

तो बराच वेळ डब्याचे झाकण लावत राहिला. ते सरळ बसत नव्हते.

“तुला काय बोलू? मी त्याला काय विचारलं माहीत आहे? किती नेल्यास. नेल्यास का, असं नाहीच विचारलं मी.”

खोकल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला किल्ल्या बनवण्याचे दुकान चालवतो, हे ठोक्याला सगळी वर्षे ठाऊक होते. त्या रस्त्यावरच्या लिफ्टची कामे तो दुसऱ्यांना देई. शनिवारी सकाळी बहीणभाऊ तिथे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. भिंतभर कोऱ्या किल्ल्या, मध्ये घासायचे यंत्र. खोकल्याचे केस गेले होते, टोपी होती. त्याने वर पाहिले, दोघांना ओळखले आणि पुन्हा यंत्रात मान घातली.

“नमुना आणलाय का? नमुन्याशिवाय किल्ली होत नाही.”

“आणलाय,” पट्टीताई म्हणाली आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

त्याने यंत्र बंद केले. तिने त्यालाही पहिल्यापासून सांगितले. किल्लीचे दात बघायचे स्वतःचे भिंग काढून त्याने पट्टी पाहिली, आकडे पाहिले. मग तो खोकला.

“म्हणजे आम्ही खपलो. पण अंगाईच्या नावावर.”

“हो.”

“बारा जणांनी घसा फोडला आणि झोपमालकांचा चौथा भाग निघाला.”

“पाचवाही,” पट्टीताई म्हणाली. “दोन्हींच्या पट्ट्या मीच केल्या. तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळे. माफी मागायला आले आहे.”

“राहू द्या, ताई. त्या गोदामात तसंही धूळ फार होती.” हे बोलताना तो ठोक्याकडे बघत नव्हता.

ठोक्याने घसा खाकरला. “मी तुला तेव्हा विचारलं, किती नेल्यास...”

“एक.”

“काय?”

“एक नेली होती. फुटक्या डबीची. आईला दाखवायची होती. तू आल्या आल्या किती म्हणून विचारलंस, तेव्हा मला वाटलं, याला त्या एकीचं कळलं. आता काय तोंड दाखवायचं, म्हणून गेलो.”

मग ठोक्याची बोटे दुकानाच्या पत्र्याच्या फळीवर सुरू झाली, आधी अगदी हलकी.

“एका सीडीसाठी?” तो म्हणाला.

“तू तरी साडेतीनशेसाठी भांडलास,” खोकल्या म्हणाला. “मी एकीसाठीच गप्प बसलो. गाढव कोण, ते ताईंना ठरवू दे.”

“दोघंही,” पट्टीताई म्हणाली. “आणि तिसरी मी. पहिला नंबर माझा.”

पुढच्या रविवारी चौघे तिच्या घरी जमले. भाचीने नव्या प्रकाशनासाठी नवा क्रमांक मिळवला होता. बहात्तर क्रमांक कोणाच्याही मालावर कधी छापला गेला नाही. कंपनीही राहिली नाही. पट्टीताईने तपासणीची रीत बदलली होती. खोकल्याने कागदावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, त्यावर भाचीने पडद्यावरचा सांगायचा, आणि दोन्ही जुळले की पट्टीताईने वहीत टिंब द्यायचे. राखणदाराचे गणित सगळ्यांत शेवटी. खोकल्या वाचण्याआधी खोकला. ठोक्याने खुर्चीच्या हातावर ताल धरला, तेव्हा तिने सवयीने वर पाहिले.

“टेबल नाहीये हे,” तो म्हणाला.

“वाजव,” ती म्हणाली. “पण सावकाश.”

तेरा टिंबे झाली. मग तिने ती सगळी पुन्हा एकदा उजवीकडून डावीकडे तपासली.

जे माहीत आहे ते एवढेच. ‘बारा तोंडं’च्या पाचशे प्रती दुकानात गेल्या आणि एकशे एकेचाळीस परत आल्या. उरलेल्या तीनशे एकोणसाठांपैकी एक पट्टीताईने विकत घेतली. तिच्याकडची पावती वाचता येत नाही, तेव्हा याला तिच्या सांगण्याखेरीज पुरावा नाही. एक खोकल्याने उचलली. याला त्याच्या कबुलीखेरीज पुरावा नाही. राहिलेल्या तीनशे सत्तावन्न प्रतींपैकी किती विकल्या गेल्या, किती खरोखर चोरीला गेल्या आणि आज त्या कोणाच्या घरी आहेत, हे माहीत नाही. दुकानाच्या नोंदी शिल्लक नाहीत. पाठवल्यापेक्षा जास्त विकला गेलेला ‘भाग तिसरा’ पाहून तिथल्या कोणाला तेव्हा शंका आली होती का, हेही माहीत नाही.